तुमचा एक्सल आज गेला

अहो, ऐकता का,

तुम्ही होतात तोवर मी तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही. वेळच कुठे आली? तुम्ही घरात नसलात तर गाडीखाली असायचात. पाय तेवढे बाहेर दिसायचे आणि मी त्या पायांशीच बोलायची. आज लिहायला बसले, कारण दुपारी तुमच्या जीपचा मागचा एक्सल गेला. कनेरगाव नाक्याच्या एका माणसानं पाण्याच्या टँकरखाली लावायला नेला. बाकीची जीप भंगारात गेली. अंगणात तेलाचा काळा डाग उरलाय, आणि ज्यांच्यावर ती इतकी वर्षं उभी होती ते चार दगड.

मला वाटलं होतं, गेली तर गेली, जागा मोकळी होईल. तसं झालं नाही. एक्सल काढताना एक बोलणं निघालं आणि त्यानंतर आपला भानू निघून गेला, तो अजून घरी आलेला नाही. हे सांगू कुणाला? तुमच्या भावाचं आहे, तुम्हालाच सांगते.

त्या चढाचं तुम्हाला काय सांगायचं! आपली वाडी खाली खोऱ्यात, डांबरी रस्ता वर, आणि मधे तो मुरमाचा, दगडधोंड्यांचा चढ. अर्ध्यावर वळण, वळणाच्या एका अंगाला खडक आणि दुसऱ्या अंगाला खोल उतार. कुरुंद्याला माझ्या माहेरी एसटी दारासमोर थांबायची. लग्न होऊन आले तेव्हा बैलगाडीतून उतरून तो उतार पायी उतरावा लागला आणि मी रडले. आईबापाच्या आठवणीनं रडते असं सगळ्यांना वाटलं. खरं कारण तुम्ही एकट्यानं ओळखलंत आणि म्हणालात की आपण गाडी आणू.

आणि आणलीतही! कुठल्याशा खात्यानं मोडीत काढलेली, हिरव्या रंगाची, दारं नसलेली जीप. सासूबाईंनी तिच्यावरून भाकर ओवाळून टाकली. मी मनात म्हटलं, वर्षभर चालली तरी पुष्कळ. पण हळदीची पोती, बाजाराला जाणाऱ्या बाया, शेळ्या, नवरदेव, आजारी माणसं, सगळं तुम्ही त्या चढानं वर नेलंत. जागा नाही हा शब्द तुमच्या तोंडून कधी ऐकला नाही. तेच तर तिचं दुखणं होतं ना! सगळा भार मागच्या दोन चाकांवर, आणि ती चाकं फिरवणारा एक्सल तेवढ्या ताकदीचा नव्हताच. वळणावर कट् असा आवाज व्हायचा. इंजिन ओरडत राहायचं आणि चाकं जागची हलायची नाहीत. मग तुम्ही कमरेवर हात ठेवून, रुसलेल्या बायकोकडे बघावं तसे तिच्याकडे बघत उभे राहायचात.

शेवंताबाईच्या सुनेच्या वेळी मात्र तुमचा चेहरा बघवत नव्हता. तिला कळा सुरू झाल्या, तुम्ही गाडी काढलीत, आणि वळणावर एक्सल तुटला. बायांनी लुगड्यांचा आडोसा केला आणि मुलगी तिथंच गाडीत झाली. दोघी सुखरूप. वाडीनं त्या पोरीचं नाव जिपाबाई ठेवून टाकलं, अजूनही तिला तीच हाक मारतात. सगळे हसत होते. तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत. "या टायमाला वाचली," म्हणालात, "दुसऱ्या टायमाला न्हाई वाचलं तर? कोनाच्या तोंडाकडं पाहू?"

तेव्हापासून तुमच्या डोक्यात एकच. मोठा एक्सल! ज्या वर्षी आपला हिंगोली जिल्हा झाला त्याच वर्षीची गोष्ट. लोक जिल्ह्याचे पेढे वाटत होते आणि तुम्ही भंगाराच्या दुकानांतून हिंडत होतात. जिल्हा झाला म्हणजे रस्ता होईल, असं मी म्हटलं तर तुम्ही माझ्याकडे बघून नुसते हसलात. रस्ता अजून झालेला नाही हो. तुम्ही तेव्हा हसलात ते बरोबरच होतं.

शेवटी एका मोडलेल्या लहान ट्रकचा एक्सल मिळाला. तो तुम्ही एसटीच्या टपावर टाकून आणलात. हे काय आहे म्हणून कंडक्टर अडून बसला, तर तुम्ही त्याला सांगितलंत, "पाव्हना हाय आमचा, टपावर बसंल." नाक्यावरून तो पाहुणा बैलगाडीत बसून वाडीत आला. जीपचं सामान बैलांनी वाहून आणलं म्हणून लोकांनी किती चेष्टा केली!

नाक्याचे उस्ताद, ज्यांच्या हाताखाली तुम्ही काम शिकलात, ते मदतीला येऊन राहिले. माणसांनी वाशांवर गाडीचं बूड उचललं, खाली दगड सारले. नवा एक्सल रुंद निघाला, गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर बसेना. तुम्ही सुतळीनं माप घ्यायचात, मापाच्या जागी गाठ मारायचात, ती सुतळी घेऊन नाक्यावर वेल्डिंगला पळायचात. मी अंगणवाडी सुटली की येऊन बघायची, तर तुमचे पाय तिथंच. चहा ठेवला तरी पाय हलायचे नाहीत. म्हटलं, चहा गार होतोय. तर गाडीखालून उत्तर आलं, "मास्तरीनबाई, एक्सल बी गारच हाय, त्याला आदी गरम करू."

बसला एकदाचा! मागची चाकं दोन्ही अंगांना चार-चार बोटं बाहेर आली. पुढच्या चाकांचे बोल्ट वेगळे, मागच्यांचे वेगळे, म्हणून दोन स्टेपन्या बाळगायची पाळी आली. मातीत चारचाकीच्या दोन चाकोऱ्या उमटतात, तुमच्या गाडीच्या चार उमटायच्या. लेकरं त्या बघूनच सांगायची की काका वर गेले का खाली आले. पहिल्या दिवशी तुम्ही हळदीची पोती आणि वर माणसं भरून तो चढ न थांबता चढलात आणि वर जाऊन कितीतरी वेळ हॉर्न वाजवत बसलात. मी इकडे चुलीपुढं ऐकत होते. त्या हॉर्नसारखं चांगलं मी नंतर काही ऐकलं नाही.

पण उस्तादांनी जाताना बजावलं होतं. गिअरच्या दांड्याशेजारी तो छोटा दांडा होता ना, ओढला की पुढच्या चाकांनाही जोर मिळायचा, तो आता ओढायचा नाही. मी तिथंच उभी होते. "किसनभाऊ, पीछे का माल अलग, आगे का अलग. दोनों एकदम लगाया तो गाडी अपने आप से लडेगी. आगे की शाफ्ट निकालके रख दो."

पुढच्या चाकांना जोर पोचवणारी ती शाफ्ट तुम्ही काढली नाहीत! म्हणालात, उद्या पुढचंही तसंच मोठं मिळेल, मग पुन्हा जोडत बसायचं का? मला नीट कळलं नव्हतं तर समजावून सांगितलंत, की एका जुवाला एक तरणा खोंड अन् एक म्हातारा बैल जुंपल्यावर जे होतं ते होईल. आणि मापाची ती गाठी मारलेली सुतळी घेऊन छोटा दांडा खाली बांधून टाकलात. मला सांगितलंत, जिला गाडी येत नाही. ज्याला येते त्याला का नाही सांगितलंत हो?

भानू तेव्हा नागपूरकडे ट्रकवर होता. जीप चालवायला तो तुमच्याकडूनच शिकलेला, जुना एक्सल असताना, त्याच चढावर. तुम्ही शेजारी बसायचात आणि वळणावर मुद्दाम गाडी थांबवायला लावायचात. तुमचं ते वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं. "भेयाचं न्हाई. थांबली तर छोटा दांडा वढ अन् गाडीवर सोड." तो सणाला आला की तुम्ही त्याला मोठा एक्सल दाखवायचात, वर थाप मारायचात. छोटा दांडा निकामी झालाय हे सांगणं तुम्हाला कमीपणाचं वाटलं का? मोठमोठे ट्रक चालवणाऱ्या भावापुढं आपलं काम अर्धवट दिसायला नको, असं? तुम्ही असता तर हसून विषय बदलला असतात.

दसऱ्याला सासूबाईंनी गाडीची पूजा केली. स्टिअरिंगला हळदकुंकू लावलं, आणि हा दांडा बांधलेला, हलत नाही, म्हणून त्यालाही लावलं आणि वरून खणाचं लाल कापड गुंडाळलं. पुढच्या दसऱ्याला दुसरं, त्याच्यापुढच्या दसऱ्याला तिसरं. सुतळी खाली दिसेनाशी झाली. वाडीतली माणसं गाडीत चढताना त्या दांड्याला हात लावून पाया पडायला लागली. गाडी चढते ती त्याच्याच पुण्याईनं, असं म्हणायची. तुम्हाला मौज वाटायची. बरं झालं, म्हणायचात, आता कुणी हात घालणार नाही, देवीच राखण करते.

देवीनं नाही केली राखण.

हळद शिजवायचे दिवस होते. तुम्ही कढईपाशी होतात आणि भानू सुट्टीवर आला होता. छातीवर हात ठेवून तुम्ही खाली बसलात, मला वाटलं धूर लागला. मग घाम बघितला. गाडी चालवणारे तुम्हीच, आणि तुम्हालाच न्यायचं! भानूनं क्षणभरही विचार केला नाही. तुम्हाला मागं निजवलं, तुमचं डोकं माझ्या मांडीवर दिलं आणि गाडी काढली. नाक्यावरून दुसरी गाडी, मग हिंगोली, असं त्यानं मला सांगितलं. त्याच्या आवाजात धीर होता. तुमच्या पाठीखाली तो मोठा एक्सल होता, मलाही धीर वाटला. आपण पोचू असं मी खरंच धरून चालले होते.

चढाच्या पायथ्यापासून वेग घेऊन, वळणावर अजिबात न थांबता चढायचं, ही तुमची रीत. भानूनंही तसाच वेग घेतला. वळणावर समोर शेळ्या-मेंढ्यांचा कळप, अख्ख्या वाटेवर. त्यानं ब्रेक मारला. दुसरं काय करणार होता? कळप गेला, पण गाडी आता उभ्यानं चढेना. चाकं जागच्या जागी फिरायला लागली, मुरूम उडायला लागला. सोबत आलेली माणसं उतरून मागून जोर लावत होती. माझं सगळं लक्ष तुमच्या तोंडाकडे. पुढं त्यानं काय केलं ते मला नंतर माणसांनी सांगितलं. त्यानं त्या दांड्याला हात जोडले, आईनं बांधलंय म्हणून कापडं फाडली नाहीत, एकेक नीट सोडली, सुतळीही त्या पूजेचीच समजून सोडली, आणि दांडा ओढला. तुम्ही शिकवलं होतंत तसा.

गाडी हलली! चार-पाच हात पुढं गेली, माणसं ओरडली, मला वाटलं निघालो. मग खालून कण्हल्यासारखा आवाज आला आणि असं काही कडाडलं की माझ्या पायांखालची पत्र्याची जमीन उडाली. गाडी जागीच आवळली. पुढं होईना, मागं होईना.

त्या आवाजानं तुम्ही डोळे उघडलेत. बाकी कुणाला कळलं नाही, तुम्हाला कळलं. "दांडा वढला का त्यानं?" असं विचारलंत. मी मान वळवून पुढं बघितलं, सोडलेली कापडं बघितली आणि हो म्हटलं. तुम्ही कसाबसा श्वास घेतलात.

"त्याला काई म्हनू नको. म्याच शिकवलं व्हतं त्याला."

त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. जीप वळणावर अशी आडवी रुतली होती की मागून बैलगाडीसुद्धा जाईना. वाडीतून बाज आणली, तुम्हाला खांद्यावर घेतलं. सगळ्यात पुढं भानू होता, कुणाला खांदा बदलू देत नव्हता. डांबरी रस्ता दिसला तेव्हा तुम्ही नव्हतात.

मी पाळलं हो तुमचं. एक शब्द काढला नाही. गाडी का थांबली, असं त्यानं मला तेराव्याच्या आधीच विचारलं होतं. जुनी गाडी, मोडली, एवढंच सांगितलं. त्यानं ट्रक सोडला. पुन्हा कुठल्याच गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नाही. आपलं रान कसतो, तुमच्या-माझ्या लेकीच्या शाळेची फी भरतो, स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की उठून जातो. बैल लावून ती जीप खाली ओढून आणली ती त्यानंच. दांडा ओढलेल्या जागीच अडकून बसला होता, आणि सासूबाई जिवंत असेपर्यंत दर दसऱ्याला त्याला नवं कापड गुंडाळत राहिल्या. त्यांना मी काय सांगणार होते?

त्या गेल्या, जीप गंजली, खाली सापकिरडू निघायला लागलं. आता ठेवून काय करायचं, असं भानूच म्हणाला. आज त्यानंच उस्तादांना बोलावून आणलं. दाढी पांढरी झालीय त्यांची, नजर कमी झालीय. भानू गाडीखाली शिरून नट सैल करत होता. पाय तेवढे बाहेर. मी बघत उभी राहिले, तुमचेच पाय वाटले.

उस्तादांनी एक्सल उघडून बघितला. आत दाते अजून चकचकीत! याला काहीच झालं नाही, म्हणाले, अजून एक जन्म चालेल. मला बरं वाटलं, तुमचं कौतुक ऐकल्यासारखं. मग ते पुढं गेले, कापडं बाजूला केली, दांड्याला हात लावला.

"ये तो लगा हुआ है," म्हणाले. "किसने लगाया? मैंने किसन को बोला था, ये लगाया तो गाडी वहीं के वहीं बैठेगी."

मी त्यांना खूण करायच्या आत बोलून झालं होतं. त्या माणसाच्या मनात काही नव्हतं. त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं हे त्यांना ठाऊकच नाही. मी खाली बघितलं. भानूचे पाय हलायचे थांबले होते.

बऱ्याच वेळानं तो बाहेर आला. हात राखेनं घासून धुतले. काम पुरं केलं, बाकीची जीप भंगारवाल्याच्या हवाली केली, एक्सल स्वतः खांदा लावून टेम्पोत चढवला. टेम्पो गेल्यावर माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"वैनी, तुमाला ठाऊक व्हतं?"

"नाही," मी म्हटलं.

"अन् दादाला? त्या टायमाला दादाला कळलं व्हतं का?"

"त्यांना शुद्ध नव्हती, भानू," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि चढाच्या वाटेनं निघून गेला.

आता तुम्ही सांगा, मी काय केलं हे? तुमचा शब्द पाळला ना? पण तुमचं जे एक वाक्य त्याच्या कामाचं होतं, तेच मी माझ्या हातानं पुरून टाकलं. त्याला काही म्हणू नको म्हणालात, कारण त्याला कळू नये असं तुम्हाला वाटत होतं. ते तर आज कळलं! आता त्याला एवढंच ठाऊक आहे की दादा त्याच्यामुळे गेला आणि दादा काहीच न बोलता गेला. त्याला वाचवायला गेले आणि ज्यापासून वाचवायचं होतं नेमकं तेच त्याच्या हातात दिलं. तुम्ही तरी माझ्यावर हे ओझं का ठेवलंत? गाडीत जागा नाही असं कधी म्हणाला नाहीत, माणसात किती मावतं ते तरी बघायचं होतंत!

मला राग येतो तुमचा. हे लिहिताना येतोय. शाफ्ट काढून ठेवली असतीत तर दांडा ओढूनही काही झालं नसतं. वळणावर माणसांनी ढकलून गाडी काढली असती, तुम्ही कदाचित राहिला असतात. कदाचित नसताही. हे मी इतक्या वेळा मनात फिरवलंय की आता त्यातून काही निघत नाही. मजबूत केलंत ते मागचं तेवढं टिकलं. पुढं होतो ते आम्ही मोडलो.

ऊन कलायला आलंय. भानूचं ताट झाकून ठेवलंय. तो वळणावरच असेल, दुसरीकडं कुठं जाणार? आता उठते आणि तिकडं जाते. तुम्ही म्हणू नको म्हणालात ते इतकी वर्षं पाळलं, आज मोडते. त्याला सांगते की तुम्हाला शुद्ध होती, तुम्हाला आवाज ओळखू आला होता, आणि तुम्ही काय म्हणालात. तो मानेल असं मला वाटत नाही. दुपारी तोंडावर खोटं बोललेल्या बाईचं संध्याकाळी खरं का मानावं? वहिनी आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलते, असंच म्हणेल आणि खाली मान घालून बसून राहील. तरी तुमचे शब्द तुमच्याच बोलीत, एक अक्षर न बदलता त्याच्यापुढं ठेवीन. आज नाही मानलं तर उद्या, उद्या नाही तर परवा, मी असेपर्यंत सांगत राहीन. एवढं वचन घ्या माझ्याकडून. याहून जास्त माझ्या हातून व्हायचं नाही.

तुमची,
मास्तरीण